काढलं, सेटिंग आहे

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत
फेब्रुवारीतली गुरुवारची रात्र.
सुन्वा बसली आहे काळ्या पडद्यापुढे.
चित्र नाही, बटण नाही, माउसचा बाण नाही,
एक पांढरी दांडी तेवढी लुकलुकते:
बोल.

ती लिहिते, नवीन बसव.
यंत्र म्हणतं, बसवतो,
पण हा एकटा येत नाही,
याच्याबरोबर त्रेसष्ट जण येतील.
कुणी तारखा वाचणारा, कुणी नकाशे रंगवणारा,
एकजण तर नुसता
दुसऱ्या दोघांची ओळख करून देणारा.
एकाला आवतण, गावाला जेवण.
जागा लागेल इतकी. डिस्कवर आहे त्याहून कमी.
तरी पुढे जाऊ?

हो मोठ्या अक्षरात, नाही लहान.
नुसतं एंटर दाबलं तरी हो.
नाही म्हणायचं तर बोट उचलून
त्या एका अक्षरापर्यंत जावं लागतं.
ती जाते.

जागा करायची तर लुन्डीला काढायला हवं.
लुन्डी म्हणजे पफिन,
चोचीत दहा मासे आडवे धरणारा पक्षी.
हानुसने आपल्या प्रोग्रामला ते नाव दिलं,
कारण तो सहा सामुद्रधुन्यांचे प्रवाह
एका वेळी तोंडात धरायचा
आणि एकही सांडायचा नाही.
असं हानुस सांगायचा.
खरं तर रविवारी हमखास सांडायचा,
मग हानुस बुटाच्या नाड्या न बांधता यायचा,
शिव्या घालत पुन्हा चालू करायचा.
एकवीस वर्षं.
ऑक्टोबरपासून त्या नंबरवर त्याची मुलगी बोलते.

काढ, लुन्डी.

काढायला लागतो एक श्वास.
बसवताना कसा मिनिटभर
टक्के मोजत बसतो आपण.

मग यंत्र अदबीनं कळवतं:
खालची मंडळी त्याच्यासाठी आली होती,
आता त्यांचं कुणाला काम नाही.
जुन्या प्रिंटरकडून आडवी रेघ असलेला द
काढून घेणारा एक फॉन्ट.
भरतीची घंटा वाजवणारा एकजण;
स्पीकर कधीच काढून नेला होता,
हा तरी वेळेवर वाजवत होता,
दिवसातून दोनदा, कुणाला न ऐकू येता.
सुन्वा त्यांनाही जा म्हणते.

आता काय उरलं, म्हणून यादी मागवते
तर लुन्डी आहेच.
नावापुढे दोन बारीक अक्षरं:
काढलं. सेटिंग आहे.
निघताना येतो म्हणून गेलेल्या माणसासारखं.

मुळासकट उपटायला वेगळा शब्द आहे.
ती तो लिहिते, एंटर दाबत नाही,
दुसऱ्या खिडकीत सेटिंगची फाइल उघडते.
हॅशने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही.
हानुसने जवळजवळ सगळं तिथेच लिहिलं आहे.

# काल्सोयच्या अंगाने दक्षिणवारा असेल तर सात मिनिटं उशिरा. तक्ता काहीही म्हणो.
# हे दोनदा का लिहिलंय ते विसरलो. काढू नका, बंद पडतं.
# एलिन्दुर नऊ म्हणतो. एलिन्दुर घाबरट आहे.
# सुन्वा, इथवर आलीस तर कॉफीचा डबा वरच्या फळीवर, फाइलींच्या मागे.

डबा होता.
कॉफीचा दगड झाला होता,
चमच्याच्या दांड्याने फोडावा लागला.

सोमवारी नवीन प्रोग्राम, स्वच्छ, निळा,
टिपणं लिहायला त्यात जागाच नाही.
सकाळी सहाला वायरलेसवर एलिन्दुर:
प्रवाह कधी फिरतो?
सुन्वा पडद्यावरचं वाचते, आठ बारा.
खिडकीबाहेर बघते.
आठ एकोणीस, म्हणते.
हे नव्या यंत्राने सांगितलं?
दक्षिणवारा आहे, ती म्हणते.

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग एलिन्दुर:
मी नऊ धरतो.